चेंडू कोण मोजतंय?

आझाद मैदानावर सकाळी सात वाजता उभं राहिलं, की कुठला चेंडू कुठल्या सामन्यातला हे कळायला जरा वेळ लागतो. बावीस खेळपट्ट्या एकमेकींना खेटून. एका सामन्याचा मिडविकेट दुसऱ्या सामन्याच्या स्लिपशेजारी उभा असतो. नवखा माणूस डोकं सांभाळत चालतो, पोरं मात्र आपल्याच चेंडूकडे बघतात. मैदान त्यांना पहिल्यांदा हेच शिकवतं.

त्या गर्दीत मला नेहमी आवडतो तो अंपायर. पांढरी टोपी, उन्हाने रापलेला चेहरा आणि कोटाच्या खिशात सहा खडे. चेंडू पडला की एक खडा डाव्या खिशातून उजव्या खिशात. सहावा खडा गेला की तो हाक देतो, "ओव्हर!" गोलंदाज कितीही रंगात असो, कर्णधार कितीही घाईत असो, त्या एका शब्दापुढे कुणाचं काही चालत नाही.

२०२५च्या मे महिन्यात अशाच एका सकाळी मी तिथल्या एका नेटमागे उभा होतो. अकरा वर्षांचा एक मुलगा गोलंदाजी करत होता. अंग काटकुळं, रनअप मात्र मोठ्या माणसासारखा लांब, आणि टप्पा पडून चेंडू सुरेख उठत होता. त्याचे बाबा जाळीला मोबाइल टेकवून एकेक चेंडू टिपत होते. बोलता बोलता म्हणाले, "आता तीनच वर्षं आहेत हातात." कसली तीन वर्षं, ते मला पटकन उमगलं नाही. मग लक्षात आलं. चौदातून अकरा गेले, उरले तीन.

सवयीने मी चेंडू मोजत होतो. पोरगा पाणी प्यायला थांबला तेव्हा ८४ झाले होते. दुपारी त्याची मॅच होती.

●

चौदा हा आकडा त्या बाबांच्या डोक्यात कुठून आला, हे वेगळं सांगायला नको. तरी तारखा एकदा ओळीने मांडायला हव्यात. वैभव सूर्यवंशीचा जन्म २७ मार्च २०११चा, बिहारमधल्या समस्तीपूर जिल्ह्यातल्या ताजपूरचा. जानेवारी २०२४मध्ये पाटण्यात मुंबईविरुद्ध त्याचं रणजी पदार्पण झालं, तेव्हा वय होतं १२ वर्षं २८४ दिवस. नोव्हेंबर २०२४मध्ये जेद्दाच्या लिलावात त्याच्या नावावर बोली लागली. ३० लाखांपासून सुरू झालेला आकडा चढत गेला आणि राजस्थान रॉयल्सने त्याला १ कोटी १० लाखांना घेतलं. तेव्हा तो १३ वर्षांचा होता. १९ एप्रिल २०२५ला लखनौविरुद्ध तो आयपीएलमध्ये उतरला, १४ वर्षं २३ दिवसांचा. आयुष्यातला आयपीएलचा पहिला चेंडू, टाकणारा आपला पालघरचा शार्दूल ठाकूर, आणि चेंडू थेट कव्हरवरून प्रेक्षकांत.

नऊ दिवसांनी जयपूरला गुजरातविरुद्ध त्याने ३५ चेंडूंत शतक ठोकलं. अकरा षटकार. शंभरी गाठली तीही रशीद खानला षटकार मारून. त्या दिवशी समोर इशांत शर्माही होता. इशांतने पहिली कसोटी खेळली २००७मध्ये, म्हणजे या मुलाच्या जन्माच्या चार वर्षं आधी. ट्वेंटी-२० क्रिकेटमधल्या सर्वांत लहान शतकवीराचा मान तोवर जालन्याच्या विजय झोलकडे होता. २०१३मध्ये महाराष्ट्राकडून मुंबईविरुद्ध त्याने शतक केलं तेव्हा तो १८ वर्षं ११८ दिवसांचा होता. वयाचा हा विक्रम एकदम चार वर्षांनी खाली आला. जयपूरला दुखऱ्या पायाने चाकाच्या खुर्चीत बसलेले प्रशिक्षक राहुल द्रविड भान हरपून उठून उभे राहिले. घरी टीव्हीसमोर मीही उभा राहिलो होतो.

पण माझ्या मनात अजून घर करून आहे ते दृश्य त्या शतकाचं नाही, नऊ दिवस आधीचं आहे. पहिल्या सामन्यात २० चेंडूंत ३४ धावा करून तो यष्टिचीत झाला आणि डोळे पुसत पुसत परत निघाला. हेल्मेटच्या जाळीआड हाताची पाठ डोळ्यांकडे जात होती. लाखो लोक बघत असताना एक मूल रडत होतं, आणि त्याला जवळ घ्यायला मैदानावर कुणी नव्हतं. नियमच तसा आहे, बाद झालेला फलंदाज एकटाच परततो.

या मुलाच्या कौतुकात मला काडीचीही कसर करायची नाही. प्रश्न वेगळा आहे. कोवळ्या वयाच्या खेळाडूला व्यावसायिक लीगचं दार कधी उघडावं? आणि ते ठरवायचं कोणी?

एक विसंगती तर डोळ्यांत भरण्याजोगी आहे. आंतरराष्ट्रीय क्रिकेट परिषदेने नोव्हेंबर २०२०मध्ये किमान वयाची अट घातली. १५ वर्षं पूर्ण झाल्याशिवाय देशाच्या संघातून खेळता येत नाही, आणि अपवाद हवा असेल तर देशाच्या मंडळाला रीतसर अर्ज करावा लागतो. म्हणजे अफगाणिस्तानची जर्सी घातलेल्या रशीद खानला खेळायला हा मुलगा लहान होता. गुजरातची जर्सी घातलेल्या त्याच रशीदला खेळायला मात्र पुरेसा मोठा होता. चेंडू तोच, मनगट तेच. फरक फक्त जर्सीचा आणि तिच्यामागच्या पैशाचा.

●

अशा वेळी आपल्याकडे एक नाव हमखास पुढे येतं. "सचिनला सोळाव्या वर्षी खेळवलंच ना?" बरोबर आहे. १५ नोव्हेंबर १९८९, कराची, वय १६ वर्षं २०५ दिवस. पण त्याआधीची दोन वर्षं आपण विसरून जातो, आणि माझ्या मते सगळा धडा त्या दोन वर्षांतच आहे.

नोव्हेंबर १९८७मध्ये मुंबईच्या रणजी संघात सचिन तेंडुलकरची निवड झाली, तेव्हा तो १४ वर्षांचा होता. त्या अख्ख्या मोसमात त्याला एकाही सामन्यात अंतिम अकरांत घेतलं नाही. तो ड्रेसिंग रूममध्ये बसला, बदली क्षेत्ररक्षक म्हणून धावला, थोरांच्या गप्पा ऐकल्या आणि पुन्हा शाळेकडून खेळला. फेब्रुवारी १९८८मध्ये याच आझाद मैदानावर हॅरिस शिल्ड या शालेय स्पर्धेत विनोद कांबळीबरोबर ६६४ धावांची भागीदारी झाली. मग डिसेंबर १९८८मध्ये वानखेडेवर गुजरातविरुद्ध रणजी पदार्पण आणि नाबाद शतक. १९८९च्या सुरुवातीला वेस्ट इंडिजचा दौरा होता. निवड समितीने त्याच्या नावाचा विचार केला आणि त्याला पाठवलं नाही. तिथल्या वेगवान माऱ्यापुढे इतक्यात नको, असं ठरलं. पाकिस्तान दौरा आला तो त्यानंतर.

म्हणजे ज्या सचिनचा दाखला देऊन आपण म्हणतो की गुणवान पोराला वय विचारू नका, त्याच सचिनला वडीलधाऱ्यांनी दोनदा थांबवलं होतं. एकदा चौदाव्या वर्षी, एकदा पंधराव्या. त्याचा जिना पायरी पायरीने चढवला गेला. प्रशिक्षक रमाकांत आचरेकर सर होते, सावलीसारखा मागे असलेला मोठा भाऊ अजित होता, मुंबईच्या संघात दिलीप वेंगसरकरांसारखा कर्णधार होता. यांपैकी कुणाच्याही पोटापाण्याचा प्रश्न सचिन त्या वर्षी खेळतो की नाही यावर अवलंबून नव्हता. म्हणून ते "थांब" म्हणू शकले.

मग विनोदचं काय, असंही कुणी विचारेल. तो तर एकविसाव्या वर्षी कसोटीत आला, १७ कसोटींत ५४च्या वर सरासरी ठेवली आणि तेविसाव्या वर्षी त्याची शेवटची कसोटी झाली. वयाची कुठलीही अट त्याला वाचवू शकली नसती. हे मला मान्य आहे आणि म्हणूनच माझं म्हणणं "अठरा म्हणजे अठरा" इतकं सरळसोट नाही. जन्मतारखेला कुलूप लावून काम संपत नाही. आत गेलेल्या मुलाचे चेंडू कोण मोजतं, त्यावर सगळं आहे.

●

चेंडू मोजणं ही नुसती उपमा नाही. वाढत्या वयात पाठीच्या मणक्यांची हाडं पक्की झालेली नसतात. वेगवान गोलंदाज दर चेंडूला कंबरेत वाकतो, पिळतो आणि शरीराच्या वजनाच्या कित्येक पट भार पुढच्या पायावर आपटतो. हे मर्यादेबाहेर झालं की मणक्याला बारीक तडा जातो. तो बाहेरून दिसत नाही. पोरगं आधी "पाठ दुखते" म्हणतं, बाबा आधी मलम लावतात, आणि स्कॅन होतं तोवर मोसम गेलेला असतो. म्हणून इंग्लंडच्या क्रिकेट मंडळाने लहान गोलंदाजांसाठी मर्यादा आखून दिल्या आहेत. १३ वर्षांखालच्या वेगवान गोलंदाजाने एका स्पेलमध्ये ५ आणि दिवसभरात १० षटकं टाकावीत, १५ वर्षांखालच्याने ६ आणि १२. दहा षटकं म्हणजे ६० चेंडू. आझाद मैदानावरच्या त्या पोराचे पाण्याच्या वेळेलाच ८४ झाले होते.

२०१८च्या एकोणीस वर्षांखालच्या विश्वचषकात कमलेश नागरकोटीचा वेग बघून क्रिकेटजग थक्क झालं होतं. कोलकाता नाइट रायडर्सने त्याला ३ कोटी २० लाखांना घेतलं. दुखापतींमुळे २०१८ आणि २०१९ हे दोन्ही मोसम त्याला एकही सामना खेळता आला नाही. तो पहिल्यांदा उतरला २०२०मध्ये. पैसा वेळेवर आला होता, शरीर मात्र आपल्या वेळेनेच चालत होतं.

मनाचं वेळापत्रक तर आणखी सावकाश. विरारचा पृथ्वी शॉ चौदाव्या वर्षी हॅरिस शिल्डमध्ये ५४६ धावा करून बसला आणि रातोरात "पुढचा कोण" या प्रश्नाचं उत्तर झाला. ऑक्टोबर २०१८मध्ये राजकोटला, अजून एकोणीसही पूर्ण झाले नव्हते तेव्हा, त्याने पदार्पणाच्या कसोटीत शतक केलं. पुढच्याच वर्षी त्याच्यावर आठ महिन्यांची बंदी आली. खोकल्याच्या औषधात सापडणारं एक बंदी असलेलं द्रव्य त्याच्या नमुन्यात आढळलं होतं. मुद्दाम घेतलं नव्हतं, हे मंडळानेही मान्य केलं. पुढे तो का घसरला याच्या शंभर कथा सांगितल्या जातात, आणि त्यातल्या चुका त्याच्या तो भोगतोही आहे. पण त्या औषधाच्या बाटलीचा प्रश्न मला सोडत नाही. कोट्यवधींचा करार असलेल्या १९ वर्षांच्या मुलाच्या आसपास प्रशिक्षक होते, व्यवस्थापक होते, जाहिरातदार होते. बाटलीवरचं लेबल वाचून "हे घेऊ नकोस" म्हणणारा एक माणूस नव्हता.

●

हा प्रश्न इतर खेळांनी आणि इतर देशांनीही हाताळला आहे. त्यांच्या अनुभवातून काय घ्यावं आणि काय टाळावं, दोन्ही शिकण्यासारखं आहे.

घेण्यासारखं टेनिसकडून. अमेरिकेची जेनिफर कॅप्रियाटी १९९०च्या मार्चमध्ये व्यावसायिक झाली तेव्हा तिचा चौदावा वाढदिवस यायचा होता. त्याच वर्षी ती फ्रेंच ओपनच्या उपांत्य फेरीत गेली, १९९२ला बार्सिलोनात ऑलिंपिक सुवर्ण जिंकलं, आणि १९९३च्या अखेरीस खेळातून बाहेर पडली. मे १९९४मध्ये तिला अमली पदार्थ बाळगल्याबद्दल अटक झाली. जगभरच्या वर्तमानपत्रांत त्या अठरा वर्षांच्या मुलीचा थिजलेला चेहरा छापून आला. महिला टेनिस संघटना हादरली आणि १९९५पासून नियम आला. १४ वर्षांखाली व्यावसायिक स्पर्धा बंद. चौदाव्या वर्षी मोजक्या स्पर्धा, पंधराव्या वर्षी थोड्या जास्त, असं करत अठराव्या वाढदिवसाला सगळी मुभा. दहा वर्षांनी या नियमाचा आढावा घेतला गेला, तेव्हा खेळाडूंच्या कारकिर्दी लांबल्याचं आणि अकाली निवृत्त होणाऱ्या मुली खूप कमी झाल्याचं दिसलं. आणि जेनिफर? ती परत आली. २००१मध्ये ऑस्ट्रेलियन आणि फ्रेंच ओपन दोन्ही जिंकली. पण मधली वर्षं तिची तिलाच झेलावी लागली.

फुटबॉलमधला एक प्रसंग मला फार बोलका वाटतो. २०२४ची युरो स्पर्धा जर्मनीत झाली तेव्हा स्पेनचा लामिन यमाल १६ वर्षांचा होता. जर्मनीच्या कायद्याने अठरा वर्षांखालच्या मुलाला रात्री उशिरापर्यंत कामावर ठेवता येत नाही. खेळाडूंना सवलत आहे, पण तीही रात्री अकरापर्यंतच. अख्खा युरोप ज्याच्याकडे डोळे लावून बसला होता, त्या मुलाच्या बाबतीतही घड्याळाची चर्चा झाली. तो मुक्कामी शाळेचा अभ्यासही करत होता. आपल्याकडे आयपीएलचा सामना रात्री साडेसातला सुरू होतो आणि अकरा वाजून गेल्यावर संपतो. त्यानंतर बक्षिसं, मुलाखती, बस, कधी पहाटेचं विमान. चौदा वर्षांचा मुलगा त्या रात्री किती वाजता झोपला, हे कुणी विचारलं का?

आता टाळण्यासारखं. ते अमेरिकेच्या बास्केटबॉलमध्ये सापडतं. १९९५ला केविन गार्नेट, १९९६ला कोबी ब्रायंट, २००३ला लेब्रॉन जेम्स हे तिघेही शाळा संपवून थेट एनबीएमध्ये गेले आणि महान ठरले. तरीही २००५च्या करारात लीगने अट घातली की खेळाडू १९ वर्षांचा हवा आणि शाळा सोडून वर्ष झालेलं हवं. कारण मुलांच्या भल्याचं सांगितलं गेलं. प्रत्यक्षात बहुतेक मुलं ते एक वर्ष कॉलेजकडून खेळली. कॉलेजांनी त्यांच्या जिवावर प्रक्षेपणाचे कोट्यवधी डॉलर कमावले आणि मुलांना शिष्यवृत्तीपलीकडे काही घ्यायची मनाई होती. आपल्या नावावर कमाई करायची परवानगी कॉलेजच्या खेळाडूंना मिळाली ती थेट २०२१मध्ये. संघमालकांचा फायदा असा, की पोरगं एक वर्ष दुसऱ्याच्या खर्चाने पारखून मिळायचं. नियम मुलाच्या नावाने, सोय मालकाची. वयाची अट आणताना हा धोका डोळ्यांसमोर हवाच.

●

अटीच्या विरोधातली सर्वांत वजनदार बाजू गरिबीची आहे. ती मी टाळणार नाही.

यशस्वी जयस्वाल उत्तर प्रदेशातल्या भदोहीहून मुंबईत आला आणि याच आझाद मैदानावर, माळ्यांच्या तंबूत झोपला. त्याला २०१९च्या लिलावात २ कोटी ४० लाख मिळाले तेव्हा तो १७ वर्षांचा होता. वैभवच्या वडिलांनी मुलाच्या सरावासाठी शेतजमीन विकली. अशा घराला "अठरा होईपर्यंत थांबा" म्हणणं सोपं नाही. मधल्या काळात गुडघा गेला तर? निवड समितीची नजर दुसरीकडे वळली तर? श्रीमंताचा मुलगा थांबू शकतो. गरिबाच्या मुलाला थांबायलाही पैसे लागतात.

अमेरिकेत हाच वाद १९७१मध्ये सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला होता. मिसिसिपीत लहानपणी कापूस वेचलेल्या, १९६८च्या मेक्सिको ऑलिंपिकमध्ये सुवर्ण जिंकलेल्या स्पेन्सर हेवूडने एनबीएच्या तेव्हाच्या अटीला आव्हान दिलं. शाळा संपून चार वर्षं झाल्याशिवाय प्रवेश नाही, अशी ती अट होती. निकाल त्याच्या बाजूने लागला. त्यानंतर लीगने घरची हलाखी दाखवणाऱ्या मुलांसाठी वाट मोकळी केली. एका गरीब मुलाचा हक्क एका नियमापेक्षा मोठा ठरला, आणि ते योग्यच झालं.

म्हणून दार बंद करा, असं मी म्हणत नाही. पण गरिबीच्या युक्तिवादाला एक दुसरी बाजूही आहे. आयपीएलमध्ये दहा संघ. प्रत्येकात जास्तीत जास्त २५ खेळाडू, त्यांतले ८ परदेशी असू शकतात. म्हणजे देशभरात भारतीयांसाठी साधारण १७० जागा. त्यातही बहुतेक जागांवर मुरलेले खेळाडू. एक मूल चौदाव्या वर्षी चमकलं की त्याच्यामागे किती घरं शाळा सोडवतात, भाड्याची खोली घेऊन शहरात येतात, कर्ज काढतात, याचा हिशेब कुठल्याच धावफलकावर लागत नाही. त्या बाबांचं "तीनच वर्षं आहेत हातात" हे वाक्य तिथून आलं होतं. लीगने चौदाव्या वर्षी दार उघडलं की घराघरात चौदा ही शेवटची तारीख होऊन बसते.

●

गंमत म्हणजे या मुलांसाठी काय करावं याचा कच्चा आराखडा आपल्याच कायद्यात पडून आहे. बालकामगार प्रतिबंधक कायद्यात २०१६ला दुरुस्ती झाली. तिच्यात १४ वर्षांखालच्या मुलांना कामावर ठेवायला बंदी आली, पण चित्रपट, मालिका, जाहिराती आणि खेळ यांना अपवाद केला गेला. २०१७च्या नियमांनी त्या अपवादाला अटी जोडल्या. दिवसाला पाच तासांपेक्षा जास्त काम नाही, विश्रांतीशिवाय सलग तीन तासांपेक्षा जास्त नाही, शाळेची सोय हवी, जास्तीत जास्त पाच मुलांमागे एक जबाबदार व्यक्ती हवी, आणि मुलाच्या कमाईतला किमान २० टक्के भाग राष्ट्रीयीकृत बँकेत त्याच्या नावावर मुदत ठेवीत टाकायचा. तो पैसा त्याला सज्ञान झाल्यावर मिळणार.

किती शहाणा नियम! फक्त तो चौदाव्या वाढदिवसाला संपतो. चौदा ते अठरा ही चार वर्षं, जेव्हा पैसा खऱ्या अर्थाने यायला लागतो, तेव्हा हे छत्र डोक्यावर नसतं. आणि अठरापर्यंत मुलाला स्वतः करार करता येत नाही, त्याच्या वतीने पालक सही करतात. म्हणजे ज्यांच्या डोक्यावर कर्ज आहे, तेच मुलाच्या वतीने निर्णय घेणार. आईबाप वाईट असतात असं मुळीच नाही. पण त्यांना "थांब" म्हणणं सर्वांत जड जातं.

भारतीय क्रिकेट मंडळाने २०२५च्या सप्टेंबरमध्ये एक पाऊल उचललं. १६ वर्षांखालच्या खेळाडूला आयपीएलसाठी पात्र व्हायचं असेल तर किमान एक प्रथम श्रेणी सामना खेळलेला हवा. पाऊल स्वागतार्ह, पण एकच सामना? उद्या एखाद्या राज्य संघटनेवर दडपण येईल की अमुक पोराला एक रणजी सामना देऊन टाका. उंबरठा ओलांडायला एक पायरी झाली, पण पायरी म्हणजे जिना नव्हे.

मला दिसतो तो जिना असा. चौदा-पंधराव्या वर्षी मुलाला संघात घ्यायला हरकत नाही, पण टेनिससारखे त्याचे सामने मोजून द्या. बाकीचे दिवस त्याने द्रविडसारख्या माणसाजवळ बसून शिकावं. राजस्थानने वैभवला पहिल्या सात सामन्यांत खेळवलं नाही, आठव्यात उतरवलं. हा शहाणपणा होता, पण प्रत्येक डगआउटमध्ये द्रविड असेलच असं नाही. एका चांगल्या माणसाच्या मर्जीवर जे चालतं, ते सर्वांसाठी नियमात आणावं लागतं.

वेगवान गोलंदाजाच्या षटकांची एकच वही असावी. शाळा, क्लब, राज्य, लीग, सगळ्यांची नोंद एकाच ठिकाणी. आज शाळेच्या सरांना क्लबची षटकं माहीत नसतात आणि क्लबच्या सरांना नेटमधली. कमाईचा निम्मा भाग तरी अठरापर्यंत मुलाच्या नावावर बंद राहावा, उरलेल्यात घर चालेल, कर्जही फिटेल.

आणि एक गोष्ट ताबडतोब थांबवावी. अठरा वर्षांखालच्या मुलाचं नाव भर मंचावर पुकारून, फलक उंचावून, टीव्हीवर थेट प्रक्षेपणात त्याच्यावर बोली लावू नये. त्याला ठरलेल्या मानधनावर घ्या, सोडतीने घ्या. पण मुलाची किंमत वाढत जाताना अख्खा देश बघतो आहे, हे दृश्य आपल्याला शोभत नाही.

सर्वांत महत्त्वाचं म्हणजे त्याच्यामागे एक माणूस हवा, ज्याला ना संघ पगार देतो, ना घर. एनबीएच्या नियमात खोट होती, पण निदान मालकांसमोर टेबलावर खेळाडूंची संघटना बसली होती. आपल्याकडे निवृत्त क्रिकेटपटूंची संघटना २०१९मध्ये झाली. आज खेळणाऱ्यांची, त्यातही अल्पवयीनांची बाजू मांडायला टेबलाच्या पलीकडे खुर्चीच नाही. ती खुर्ची ठेवा.

●

आमच्याकडे थंडीत ज्वारीच्या शेतात हुरडा भाजतात. कोवळं दाणेदार कणीस, गोवऱ्यांची आर, जोडीला लसणाची चटणी. त्या चवीला तोड नाही. पण कुठलाही शेतकरी सगळं रान हुरड्याला काढत नाही. चार ओळी हुरड्याला, बाकी रान पिकायला ठेवतो. नाहीतर वर्षभर खायला काय, आणि पुढच्या पेरणीला बी कुठून आणणार?

आणि उशीर झाला म्हणून सगळं संपत नाही, याचा पुरावा त्याच राजस्थान रॉयल्सने दिला आहे. मुंबईच्या मैदानांवर वर्षानुवर्षं लेगस्पिन टाकणाऱ्या प्रवीण तांबेला त्यांनी २०१३मध्ये उतरवलं, तेव्हा तो ४१ वर्षांचा होता आणि एकही प्रथम श्रेणी सामना खेळला नव्हता. चौदा आणि एकेचाळीस. एकाच संघाच्या दाराची ही दोन टोकं. मे महिन्यातल्या त्या सकाळी त्या बाबांना मी तांबेची गोष्ट सांगितली, ६० चेंडूंचंही सांगितलं. त्यांना ते फारसं रुचलं नाही. "तुम्हाला काय जातंय सांगायला," म्हणाले. खरंच होतं ते. मी गप्प बसलो.

पावसाळा सरल्यावर परवा पुन्हा आझाद मैदानावर गेलो. मुलांचा सामना चालू होता. तोच मुलगा, तोच लांब रनअप. ओव्हर संपली की तो अंपायरकाकांकडे जाऊन टोपी परत घ्यायचा आणि खिशातून काहीतरी काढून त्यांच्या हातावर ठेवायचा. जेवणाच्या सुटीत मी विचारलं. त्याने खिसा उलटा करून दाखवला, आत चार चिंचोके उरले होते. "आजी सकाळी दहा मोजून देते, काका. ओव्हरला एक. संपले की संपलं." बाबा थोड्या अंतरावर उभे होते. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मान हलवली. मोबाइल खिशात होता.

दुपारी शेवटची जोडी चिवटपणे टिकून राहिली होती. कर्णधाराने पुन्हा चेंडू त्याच्याकडे फेकला. त्याने तो झेलला, क्षणभर शिवणीवरून बोटं फिरवली, मग दुसरा हात खिशात घातला आणि रिकामा बाहेर काढून दाखवला. कर्णधार वैतागला. अंपायरकाकांनी आपल्या खिशातले दहा चिंचोके वर काढले आणि त्याला दाखवले. मग कर्णधाराने चेंडू दुसऱ्या मुलाला दिला आणि सामना पुढे सुरू झाला.